सणासाठी घराला बाहेरून लायटिंग: बल्बच्या माळा, एलईडी, पट्टी, पिक्सेल की सोलर?

ओटीवरून (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

यंदा सणाला घराला बाहेरून जरा नीट लायटिंग करायचं मनात आहे. घरातल्या जुन्या माळांच्या वायरी आता कडक झाल्यात, वाकवल्या की वरचं आवरण तडकतं, म्हणून त्या काढून टाकल्या आणि सगळं नव्याने घ्यायचंय. एकदाच घ्यायचं पण पुढची काही वर्षं टिकेल असं.

जागा सांगते. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीचं लोखंडी रेलिंग, समोरच्या भिंतीची वरची कड, मुख्य दाराची चौकट, आतून दोन खिडक्या आणि अंगणात एक मध्यम झाड आहे, त्याचं खोड आणि खालच्या फांद्या. बाहेर प्लग पॉइंट एकच, तो दाराजवळ. पाऊस मधेच येऊ शकतो. घरात लहान मुलं आहेत जी रेलिंगला हात लावल्याशिवाय राहणार नाहीत. आणि आईला लुकलुकणाऱ्या दिव्यांचा फार त्रास होतो, डोकं दुखायला लागतं, त्यामुळे तेही बघायचंय.

आता बघायला गेलं तर इतके प्रकार आहेत की काही कळेना झालंय. साधी एलईडी माळ, थेट प्लगमध्ये जाणारी आणि अ‍ॅडॅप्टरवाली, तांब्याच्या बारीक तारेवरची, झालरीसारखी लोंबणारी, जाळी, पडदा, पारदर्शक नळीतली रोप लाइट, चिकटवायची पट्टी, मोबाइलवरून रंग बदलणारी, सोलर. त्यात परत वॉर्म व्हाइट, कूल व्हाइट, आयपी ४४, आयपी ६५ वगैरे. ज्यांनी खरोखर लावून बघितलंय त्यांनी सांगा की कुठे काय घ्यावं आणि का.

तारवाला

ताई, माळ कुठली हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी ती माळ कोणाच्या हाताला लागणार आणि त्या वायरीतून किती व्होल्ट जाणार हे बघा, तुमचा अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

एलईडी म्हटलं की लोकांना वाटतं हा कमी व्होल्टचाच मामला, शॉक बसायचा प्रश्न नाही. एकेका एलईडीला दोन-तीन व्होल्टच लागतात हे खरं आहे, लालला साधारण दोन आणि निळ्या-पांढऱ्याला तीनच्या आसपास, पण जी माळ थेट प्लगमध्ये जाते तिच्यात हे एलईडी एकामागे एक ओळीने जोडलेले असतात आणि त्या सगळ्या ओळीवर मिळून मेन्सचा, म्हणजे घरात येणाऱ्या सप्लायचा, पूर्ण २३० व्होल्ट बसलेला असतो, मधे ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नसतं, डब्यात फक्त डायोड आणि रेझिस्टर किंवा कपॅसिटर. म्हणजे वायर कुठे सोलली गेली, एखाद्या एलईडीचा पाय उघडा पडला आणि ओल्या हाताने कोणी धरला तर तो थेट मेन्सलाच हात लावल्यासारखा आहे. लोखंडी रेलिंगवर तर ही माळ नकोच नको, कारण वायर घासली गेली की सगळं रेलिंगच लाइव्ह होऊ शकतं.

म्हणून तुमच्याकडे रेलिंग, चौकट आणि झाड या तिन्ही ठिकाणी अ‍ॅडॅप्टरवालीच माळ. बाहेरच्या चांगल्या माळांचे अ‍ॅडॅप्टर २४ किंवा ३१ व्होल्टचे असतात, त्यात आतमध्ये मेन्स आणि माळ पूर्ण वेगळी केलेली असते. अ‍ॅडॅप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे डबल इन्सुलेशन, ती बघून घ्या. भिंतीची वरची कड हाताच्या बाहेर आहे, तिथे मेन्सवाली चालेल असं कोणी सांगेल, पण ती लावायला आणि काढायला शिडीवर चढणारा माणूस तिला हात लावणारच आहे. मी तिथेही अ‍ॅडॅप्टरच घेईन.

आता आयपी. त्यात दोन आकडे असतात, पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे उडाले तर चालतात. ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार मारली तरी चालते. ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल. छपराखाली ४४ पुरतं, उघड्यावर झाडाला ६५ घ्या. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बऱ्याचदा नुसत्या माळेचा असतो, अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरात आयपी २० लिहिलेलं सापडतं, म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. असा अ‍ॅडॅप्टर घराच्या आत ठेवायचा आणि फक्त कमी व्होल्टची वायर बाहेर काढायची. तुमचा बाहेरचा पॉइंट उघड्यावर असेल तर त्याला झाकणाचा वेदरप्रूफ बॉक्स बसवून घ्या.

जोडणीच्या जागेला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चिकटपट्टी मारायची पद्धत सगळीकडे दिसते, ती करू नका. पाणी वायरीवरून ओघळत कुठून तरी आत जातंच, आणि आत गेलेलं बाहेर येत नाही, कनेक्टर त्या पाण्यातच बसून राहतो. त्याऐवजी कनेक्टर जमिनीपासून वर, तोंड खाली करून टांगा, आणि वायर प्लगकडे जाताना प्लगच्या खालपर्यंत एक झोळ देऊन मग वर न्या. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, प्लगपर्यंत चढत नाही.

आणि ज्या सर्किटवर हा पॉइंट आहे त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे का हे एकदा बघा. नसेल तर माळांच्या आधी तो बसवून घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगतोय. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतोय का तेही तपासा.

एकच पॉइंट आहे याची मात्र काळजी नको. शंभर एलईडीची माळ पाच-सात वॅट खाते, तुमच्या सगळ्या माळा मिळून एका पंख्याइतकाही लोड होणार नाही.

काचेतला_उजेड

तारवाल्यांनी सुरक्षेचं सगळं बरोबर सांगितलंय, त्यात मी काही बोलणार नाही. पण फिलामेंटच्या बल्बला कोणी विचारायलाच तयार नाही म्हणून लिहितोय, कारण उजेडाच्या बाबतीत त्याला अजून जोड नाही असं माझं ठाम मत आहे.

फिलामेंट म्हणजे तापलेली तार, तिच्यातून लालपासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग सलग निघतात. त्यामुळे त्या उजेडात लाकूड लाकडासारखं दिसतं, माणसांचे चेहरे चांगले दिसतात. मंद केला तर तो नुसता कमी होत नाही, अजून तांबूस होत जातो. शिवाय तार गार व्हायला वेळ लागतो म्हणून मेन्स वरखाली झाला तरी उजेड विझत नाही, आईंना ज्याचा त्रास होतो तो फ्लिकर यात जाणवतच नाही.

लोक म्हणतात एक बल्ब गेला की सगळी माळ जाते. मिनी बल्ब साधारण अडीच व्होल्टचा असतो, १२० व्होल्टवर पन्नास एका ओळीत, २३० वर साधारण नव्वद, म्हणून हे व्हायचं. पण बऱ्याच माळांच्या बल्बमध्ये त्यावर उपाय केलेला असतो. एक बल्ब भिंगाखाली धरून बघा. वर फिलामेंट, त्याला धरणाऱ्या दोन उभ्या तारा, आणि त्या दोन तारांच्या खालच्या बाजूला एक अगदी केसासारखी तार काही वेढे देऊन गुंडाळलेली दिसेल. तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे एरवी तिच्यातून करंट जात नाही. फिलामेंट तुटलं की त्या एका बल्बवर अचानक पूर्ण मेन्सचा व्होल्टेज येतो, तो थर फुटतो आणि करंट त्या तारेतून पुढे जातो, बाकीची माळ चालू राहते. फक्त बल्ब होल्डरमधून निघाला किंवा सैल बसला तर मात्र सगळं बंद पडतं, तिथे करंटला जायला रस्ताच नसतो.

एक गोष्ट पाळायची, गेलेला बल्ब लगेच बदलायचा. कारण त्याच्या वाटचा व्होल्टेज बाकीच्यांवर वाटला जातो, ते जरा जास्त तापतात, लवकर जातात, आणि मग एकामागोमाग एक जायला लागतात.

बाहेर सगळीकडे लावा म्हणत नाही. पण खिडकीच्या आत, कोरड्या जागी, जिथे आपण बसून बघणार तिथे एक माळ फिलामेंटची लावून बघा.

उशिरा_झोपणारी

@काचेतला_उजेड, उजेडाबद्दल पूर्ण पटलं, पण लहान मुलं, पडदे आणि बल्बची उष्णता हे एकत्र मला नको वाटतं. शंभर बल्बच्या माळेला चाळीसेक वॅट लागतात आणि त्यातले बहुतेक सगळे उष्णतेत जातात. कागदी कंदील, सुकी पानं, कापडी झालर यांच्याजवळ ती माळ नकोच. आणि घरभर अशा दहा माळा लावल्या तर ४०० वॅट, रोज पाच तास म्हणजे दिवसाला दोन युनिट. एलईडीला त्याच जागी ०.३ युनिट पुरतं.

आता आईंच्या डोकेदुखीचं, कारण हा त्रास मलाही होतो आणि यावर मी बरंच खोदकाम केलंय.

लुकलुकणं दोन प्रकारचं असतं. पहिलं म्हणजे माळेच्या बटणाच्या डब्यात, कंट्रोलरमध्ये, जे आठ मोड असतात त्यांचं, जे मुद्दाम केलेलं असतं. बटण दाबून स्थिर मोडवर आणलं की संपलं, पण कंट्रोलरला मेमरी आहे का ते विचारा, नाहीतर टायमरने रोज संध्याकाळी माळ लागली की परत पहिल्या मोडपासून नाचायला लागते आणि कोणीतरी उठून बटण दाबत बसतं.

दुसरं आहे ते डोळ्याला धड दिसत नाही पण त्रास देतं. एलईडीला करंट एकाच दिशेने लागतो. स्वस्तातल्या मेन्सवाल्या माळेत ए.सी.ची अर्धीच लाट वापरलेली असते, म्हणजे ५० हर्ट्झच्या सप्लायवर एलईडी सेकंदाला ५० वेळा लागतो आणि ५० वेळा पूर्ण विझतो. दोन्ही अर्ध्या लाटा वापरणारा चार डायोडचा पूर्ण रेक्टिफायर असेल तर तेच १०० वेळा होतं, ते बऱ्याच जणांना चालून जातं. आणि चांगला डी.सी. अ‍ॅडॅप्टर असेल तर स्थिर मोडवर विझणं जवळजवळ नाहीच. म्हणजे तारवाले सुरक्षेसाठी जे सांगतायत तेच डोळ्यांसाठीही चांगलं आहे.

घ्यायच्या आधी तपासायचं असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात माळ लावा आणि तिचं एक टोक हातात धरून झपकन आडवं हलवा. उजेडाची सलग रेघ दिसली तर माळ चांगली. तुटक तुटक ठिपके दिसले तर फ्लिकर आहे. मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही धडधडताना स्पष्ट दिसतं. हे त्या माळेच्या प्रत्येक मोडवर करा, कारण काही कंट्रोलर उजेड कमी करताना एलईडी वेगाने बंद-चालू करूनच कमी करतात, पूर्ण उजेडावर ठीक असलेली माळ मंद केली की त्रास देते.

दुसरा मुद्दा पांढऱ्याचा, आणि मला वाटतं घर कसं दिसेल हे सगळ्यात जास्त यावरच ठरतं. माळ झालर आहे की जाळी यापेक्षा तिचा पांढरा कुठला हे डोळ्यात भरतं. वॉर्म व्हाइट म्हणजे २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), पिवळसर, फिलामेंटच्या जवळचा. कूल व्हाइट ६००० च्या पुढे, निळसर. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो आणि दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. तो झगझगीत निळा एलईडी १९९३ मध्ये शुजी नाकामुरांनी बाजारात आणण्याजोगा केला, म्हणून त्यानंतरच पांढऱ्या एलईडी माळा शक्य झाल्या, आणि याच निळ्या एलईडीच्या कामासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. थर कमी-जास्त झाला की पांढरा बदलतो. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या माळा, दोन्हीवर वॉर्म व्हाइटच लिहिलेलं असलं तरी, शेजारी लावल्या तर एक लोण्यासारखी आणि एक हिरवट दिसू शकते. रेलिंगसाठी जेवढ्या लागतील तेवढ्या एकाच वेळी, एकाच लॉटच्या घ्या आणि वर एक जास्तीची घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

एका दर्शनी भागावर वॉर्म आणि कूल मिसळू नका. घराला वॉर्म आणि झाडाला कूल असं वेगळं ठेवलं तर छान दिसतं. गडद निळ्या माळा जपून घ्या, रात्री लांबून निळे ठिपके डोळ्याला नीट फोकस होत नाहीत, पसरट दिसतात, आणि जवळच्या खिडकीतून झोपताना तो उजेड फार टोचतो.

ओटीवरून

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. अ‍ॅडॅप्टर आणि वॉर्म व्हाइट हे पक्कं झालं. हात हलवून बघायची युक्ती आजच करून बघणार.

दोन गोष्टी राहिल्या. मुलांना ते मोबाइलवरून रंग बदलणारं पाहिजे आहे, फारच मागे लागलेत. आणि झाडापर्यंत वायर न नेता सोलर लावलं तर चालेल का?

पिक्सेलप्रेमी

मोबाइलवरून रंग बदलण्याचं, म्हणजे पिक्सेलचं, मी सांगतो, गेली काही वर्षं हेच करतोय आणि यात पडलं की माणूस बाहेर येत नाही.

आधी फरक समजून घ्या. साधी रंग बदलणारी पट्टी अख्खी एका वेळी एकाच रंगाची होते. पिक्सेलमध्ये प्रत्येक एलईडीजवळ स्वतःची चिप असते, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो, उजेड धाववता येतो. सगळ्यात चालणारी चिप डब्ल्यूएस २८१२बी, पाच व्होल्टवर. १२ व्होल्टची डब्ल्यूएस २८११ पण खूप वापरतात, तिच्या पट्टीत बहुतेक वेळा तीन तीन एलईडी मिळून एक पिक्सेल धरतात.

आता जी गोष्ट विकणारे सांगत नाहीत ती म्हणजे करंट. २८१२ चा एक एलईडी पूर्ण पांढरा लावला तर साठ मिलिअँपिअरपर्यंत घेतो. मीटरला ३० एलईडीची दहा मीटर पट्टी घेतली, ३०० एलईडी झाले, १८ अँपिअर, पाच व्होल्टला ९० वॅट. वॅट काही फार नाहीत, पण १८ अँपिअर त्या पातळ तांब्याच्या पट्टीतून जाऊच शकत नाहीत, वाटेत व्होल्टेज पडतो. मग सुरुवातीला पांढरं, मधे पिवळसर आणि टोकाला तांबडं असं दिसायला लागतं, कारण निळ्या-हिरव्याला जास्त व्होल्ट लागतात, ते आधी मान टाकतात. पट्टी खराब आहे असं समजून लोक परत करतात, खरं तर तिला दोन्ही टोकांनी आणि मधेही सप्लायच्या जाड वायरी द्यायच्या असतात. त्या प्रत्येक फाट्यावर फ्यूज घाला, पाच व्होल्टला शॉक नाही पण १८ अँपिअरला वायर जाळायची ताकद नक्की आहे. लांब अंतराला १२ व्होल्टवाली घेतली की हा त्रास बराच कमी.

चालवायला डब्ल्यूएलईडी नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ईएसपी ३२ नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर टाकायचं, मोबाइलवरून सगळं करता येतं. त्यात जास्तीत जास्त करंट किती घ्यायचा याची मर्यादा घालता येते, ती पहिल्याच दिवशी घाला. अर्ध्याहून कमी ब्राइटनेसलाही रात्री भरपूर उजेड पडतो.

पट्टीवर बाणाची खूण असते, डेटा त्याच दिशेने जातो, उलटी लावली तर काहीच लागत नाही. आणि एक पिक्सेल मेला की त्याच्या पुढचे सगळे गप्प होतात, कारण तोच पुढच्याला निरोप देत असतो. डब्ल्यूएस २८१५ मध्ये यासाठी डेटाची जास्तीची वायर असते, एक मेला तरी पुढचं चालतं, शिवाय ती १२ व्होल्टची आहे. बाहेर शिडीवर चढून सोल्डरिंग करावं लागू नये असं वाटत असेल तर थोडे जास्त मोजून तीच घ्या.

माझा सल्ला, पहिल्या वर्षी अख्खं घर पिक्सेलचं करू नका. फक्त दाराची चौकट करा. पाच-सहा मीटरचं काम, सप्लाय जवळ, हात पोचतो. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवून वर दुधी झाकण घाला, म्हणजे सुटे ठिपके न दिसता सलग उजेड दिसतो आणि उष्णताही धातूत निघून जाते. चिकटपट्टीच्या भरवशावर बाहेरच्या भिंतीला पट्टी राहत नाही, ऊन लागलं की सुटते. रंग बदलायची हौस मुलं तिथे भागवतील आणि बाकी घर शांत वॉर्म व्हाइट राहील.

फक्त लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला वॉर्म व्हाइट खऱ्या वॉर्म व्हाइटसारखा नसतो, भिंतीवर तो गुलाबीसर दिसतो. एरवी चौकट पांढरीच ठेवायची असेल तर ज्यात पांढरा एलईडी वेगळा असतो ती एसके ६८१२ ची चार रंगांची पट्टी बघा.

झाडाखाली

सोलरचं मी सांगते. ज्या सणात सलग काही रात्री घर उजळलेलं पाहिजे असतं त्यासाठी मी सोलरवर भिस्त ठेवणार नाही. छोट्या माळेचं पॅनेल तळहाताएवढं, आत बहुतेक वेळा १.२ व्होल्टचा एक रिचार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइड सेल. दिवसभर स्वच्छ ऊन पडलं तर संध्याकाळी काही तास चालते, ढग आले किंवा दिवस लहान असले की लवकर मंदावते. पॅनेलला सावलीही नको, आणि तुम्हाला ते झाडाखालीच खोचायचंय! अजून एक, अंधार झाला हे ही माळ पॅनेलवरूनच ओळखते, म्हणून शेजारी रस्त्याचा दिवा असेल तर तिला रात्र झालेली कळतच नाही आणि ती लागत नाही. वर्ष-दोन वर्षांत चालेनाशी झाली तर टाकून देऊ नका, खालचे दोन स्क्रू काढून तसाच नवा सेल घाला, बऱ्याच वेळा तेवढ्यावर काम होतं. कुंपणाच्या कडेला, वाट दिसावी एवढ्यापुरती सोलर छान आहे.

झाडाला अ‍ॅडॅप्टरवाली साधी माळ घ्या, रबरी वायरीची मिळाली तर उत्तम, साधं पीव्हीसी उन्हाने कडक होतं, तुमच्या जुन्या माळांचं तेच झालंय. जाळी झाडावर टाकू नका, ती झुडपासाठी असते, आणि पक्षी अडकतो. किती लांब लागेल ते असं काढा, खोडाचा घेर ६० सेंटिमीटर, उंची दोन मीटर आणि वेढ्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर धरलं तर २० वेढे, म्हणजे १२ मीटर फक्त खोडाला. फांद्यांचं वेगळं. लोकांना वाटतं एक दहा मीटरची माळ आणली की झाड भरेल, आणि ती खोडाच्या वरच्या टोकाआधीच संपते असं होतं. अंतर दुप्पट केलं तर माळ निम्मी लागते पण खोडाचा आकार उठून दिसत नाही, कडेच्या फांद्यांना विरळ चालतं, खोडाला दाटच पाहिजे.

खिळे, स्टेपल काही ठोकू नका, मऊ सुतळीने सैल बांधा. सण झाला की काढा, वर्षभर ठेवली तर खोड जाड होतं आणि वायर सालीत रुतते. आणि झाडावर घरटं असेल तर यंदा ते झाड सोडा. नसेल तरी टायमर लावून रात्री दहा-अकराला बंद करा, रात्रभर उजेड राहिला तर किडे त्यावर फिरत राहतात, पाखरांना झोप नाही. वॉर्म उजेडाकडे निळसर उजेडापेक्षा किडे कमी येतात, म्हणून झाडालाही मी वॉर्मच लावते, @उशिरा_झोपणारी ताईंच्या कूलपेक्षा.

उशिरा_झोपणारी

@झाडाखाली, किड्यांचं लक्षात आलं नव्हतं, झाडाला वॉर्मच बरं. मग वेगळेपण दाखवायला खोड दाट आणि रेलिंग विरळ ठेवलं तरी चालेल.

ओटीवरून

आता असं ठरवतेय. रेलिंग, वरची कड आणि झाड अ‍ॅडॅप्टरवाल्या वॉर्म व्हाइट माळा, स्थिर मोड, एकाच लॉटच्या. कडेला झालर घेणार. चौकटीला चॅनेलमध्ये पिक्सेल. खिडक्यांना आतून तांब्याच्या तारेच्या. फिलामेंटची एक माळ बैठकीत शोकेसवर, मुलांच्या हाताबाहेर. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, पडतोय.

@तारवाला, शेवटचा प्रश्न, रेलिंगला तीन माळा लागतील, त्या एकाला एक जोडून एकाच अ‍ॅडॅप्टरवर चालतील का?

तारवाला

जोडता येतात, पण ज्या तशा बनवलेल्या असतात त्याच. खोक्यावर एक्स्टेंडेबल किंवा किती माळांपर्यंत जोडता येईल ते लिहिलेलं असतं. माळेच्या शेवटी टोपण लावलेला कनेक्टर असेल तर ती जोडायची, टोक बंद असेल तर वायर कापून जोडू नका, त्याने आयपी पण जातं आणि अ‍ॅडॅप्टरही बिघडतो. मग अ‍ॅडॅप्टरवर वॅट बघा, तीन माळांचे वॅट मिळून त्याच्या आकड्यापेक्षा कमी पाहिजेत, अगदी काठावर नको. ६ वॅटच्या अ‍ॅडॅप्टरवर सहा-सहा वॅटच्या तीन माळा लावल्या तर त्या लागतीलही, पण मंद, आणि अ‍ॅडॅप्टर हाताला चटका देईल इतका तापेल. व्होल्ट तर तंतोतंत तेच पाहिजेत. २४ ची माळ ३१ च्या अ‍ॅडॅप्टरला बसते कारण कनेक्टर सारखाच असतो, आणि थोड्या दिवसांत एलईडी जळायला लागतात. म्हणून घरी आणल्या आणल्या प्रत्येक अ‍ॅडॅप्टरला आणि त्याच्या माळेला एकच नंबर चिकटवून टाका.

रोप लाइट तुम्ही घेत नाहीये पण कोणी वाचणारा घेत असेल तर, रिळावर गुंडाळलेली असताना चालू करून बघू नका, आत तापते, आणि कापायची तर फक्त कात्रीची खूण आहे तिथेच.

खिडकीच्या सेलवर चालणाऱ्या तांब्याच्या तारेला वर दिसत नाही एवढं पातळ इनॅमलचं आवरण असतं. ती खिळ्यावरून, ग्रिलच्या धारेवरून ओढू नका, इनॅमल खरवडलं की दोन तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात आणि सेल गरम होतो. ग्रिलला पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यात अडकवा. सण संपला की बॅटरीच्या डब्यातले सेल काढूनच ठेवा, नाहीतर गळून स्प्रिंग खातात. आणि माळा कोपरावर गुंडाळून गाठोडं करण्यापेक्षा जाड पुठ्ठ्यावर गुंडाळा, दोन टोकं बाहेर ठेवून, म्हणजे पुढच्या वर्षी उलगडायच्या आधीच प्लग लावून कुठली चालते ते बघता येतं.